एका खिडकीत अनेक संगणक : टॅब असलेल्या टर्मिनल इमुलेटरची ओळख

आंबिवली, प्रतिनिधी - मुंबईहून किंवा ठाण्याहून आंबिवलीला परतणाऱ्या प्रवाशाला एक सवय जडलेली असते. गाडीत पाय ठेवण्यापूर्वी तो फलाटावरचा इंडिकेटर पाहतो. कल्याणपर्यंत सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. कल्याणनंतर मात्र मार्गाला दोन फाटे फुटतात. गाडी टिटवाळा, आसनगाव किंवा कसाऱ्याची असेल तर पुढचे स्थानक शहाड आणि त्यानंतर आंबिवली. ती अंबरनाथ, बदलापूर किंवा कर्जतची असेल तर पुढचे स्थानक विठ्ठलवाडी. डबे तेच, आसने तीच आणि गर्दीही तीच. फरक असतो तो केवळ पाटीवरच्या अक्षरांचा.

सर्व्हरची देखभाल करणाऱ्या संगणक कर्मचाऱ्याची स्थिती दिवसभर काहीशी अशीच असते. आंबिवली, मोहने, टिटवाळा या पट्ट्यातून ठाणे आणि ऐरोलीच्या माहिती तंत्रज्ञान कार्यालयांत जाणाऱ्या तरुणांमध्ये असे काम करणारे आहेत. २०२० नंतर त्यातील काहींचे काम घरच्या टेबलावरही आले. त्यांच्या पडद्यावर एक काळी खिडकी उघडलेली असते आणि तिच्या माथ्यावर चार-सहा टॅब असतात. एक टॅब स्वतःच्या संगणकाचा, दुसरा चाचणीच्या सर्व्हरचा, तर तिसरा ग्राहकांची खरी माहिती साठवलेल्या सर्व्हरचा. सर्वांत काळ्या पार्श्वभूमीवर तशीच पांढरी अक्षरे. चुकीच्या गाडीत बसलेला प्रवासी विठ्ठलवाडीला उतरून परत फिरू शकतो. चुकीच्या टॅबमध्ये दिलेली आज्ञा मात्र नेहमीच परत घेता येत नाही.

ही काळी खिडकी म्हणजे 'टर्मिनल इमुलेटर'. त्याची घडण, त्यात टॅब का आले, त्याचे रूप आपल्या सोयीने कसे बदलता येते आणि हा बदल केवळ हौसेचा विषय का नाही, याची ही माहिती.

टर्मिनल म्हणजे काय?

टर्मिनल म्हणजे तारेचे शेवटचे टोक. पूर्वी संस्थेत संगणक एकच असे. तो वेगळ्या खोलीत ठेवलेला असे आणि त्याला तारांनी अनेक यंत्रे जोडलेली असत. या यंत्रांमध्ये कळफलक आणि छापण्याची सोय असे. विचार करण्याचे काम दूरचा संगणक करी. सुरुवातीची यंत्रे तारयंत्राच्या घराण्यातील टेलिटाइप होती. ती संगणकाचे उत्तर कागदावर छापून देत. युनिक्स प्रणालीत आजही टर्मिनलचे नाव 'टीटीवाय' असे लिहिले जाते, ते टेलिटाइपचेच लघुरूप होय.

पुढे कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने १९७८ मध्ये 'व्हीटी-१००' हे टर्मिनल बाजारात आणले. त्याच्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे आणि एकूण २४ ओळी मावत. कर्सर कोठे न्यावा, अक्षर ठळक कधी करावे, पडदा केव्हा पुसावा, यासाठी संगणकाकडून विशिष्ट सांकेतिक अक्षरमाला पाठवल्या जात. हे संकेत इतके रुळले, की पुढची बहुतेक टर्मिनले त्यांचेच अनुकरण करू लागली. आजच्या नव्या इमुलेटरची खिडकीही अनेकदा ८० बाय २४ याच मापात उघडते.

इमुलेटर म्हणजे अनुकरण करणारा. वैयक्तिक संगणकावर चित्रमय खिडक्या आल्या, तेव्हा वेगळ्या यंत्राची गरज संपली. पण त्या यंत्राशी बोलण्याची सवय असलेले हजारो प्रोग्राम शिल्लक होते. मग यंत्राचे सोंग घेणारे सॉफ्टवेअर लिहिले गेले. १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत जन्मलेला 'एक्सटर्म' हा त्यातील सर्वांत प्रसिद्ध पूर्वज. तो आजही लिनक्सवर चालतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. टर्मिनल इमुलेटर आणि शेल या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. आज्ञा समजून घेऊन ती पार पाडणारा प्रोग्राम म्हणजे शेल. 'बॅश', 'झेड-शेल', 'पॉवरशेल' ही त्याची उदाहरणे. इमुलेटर केवळ आपण दाबलेल्या कळा शेलपर्यंत पोहोचवतो आणि शेलकडून आलेली अक्षरे पडद्यावर काढतो. रंग, फॉन्ट आणि टॅब या गोष्टी इमुलेटरच्या अखत्यारीत येतात; आज्ञांचा अर्थ शेलच्या. 'टर्मिनल बिघडले' अशी तक्रार करण्यापूर्वी दोष यांपैकी कोणाचा, हे पाहावे लागते.

टॅब कशासाठी आले?

एक्सटर्मच्या काळात प्रत्येक कामासाठी वेगळी खिडकी उघडावी लागे. दहा कामे असतील तर दहा खिडक्या आणि त्या एकमेकींखाली दडलेल्या. हवी ती शोधण्यातच वेळ जाई. दूरच्या संगणकावर काम करणाऱ्यांसाठी १९८७ मध्ये 'स्क्रीन' नावाचा प्रोग्राम आला. एकाच टर्मिनलमध्ये अनेक सत्रे चालवणे त्यामुळे शक्य झाले. तथापि ती सत्रे डोळ्यांना एकाच वेळी दिसत नसत. कोणत्या क्रमांकावर काय चालले आहे, हे लक्षात ठेवावे लागे.

इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये टॅब लोकप्रिय झाले त्याच सुमारास, म्हणजे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, लिनक्सवरील 'कन्सोल' आणि 'ग्नोम टर्मिनल' यांमध्येही ही सोय रुळली. ॲपलने २००७ मधील 'लेपर्ड' आवृत्तीत आपल्या टर्मिनलला टॅब दिले. विंडोजच्या वापरकर्त्यांना मात्र बरीच प्रतीक्षा करावी लागली. तेथील 'कमांड प्रॉम्प्ट'च्या खिडकीत टॅब नव्हते. 'कॉनइमू'सारख्या बाहेरच्या प्रोग्रामांवर लोक काम भागवत. मायक्रोसॉफ्टने मे २०१९ मध्ये 'विंडोज टर्मिनल'ची घोषणा केली आणि मे २०२० मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती प्रसिद्ध झाली. हा प्रोग्राम मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते. विंडोज ११ मध्ये २०२२ च्या अद्ययावत आवृत्तीपासून तोच मूळ टर्मिनल म्हणून उघडू लागला.

प्रत्येक टॅबच्या मागे संगणकात एक स्वतंत्र 'आभासी टर्मिनल' निर्माण होते आणि त्याला स्वतःचे शेल जोडले जाते. एका टॅबमधील काम अडकले तरी दुसऱ्यातील चालू राहते, ते यामुळेच. एकाच टॅबचे उभे-आडवे तुकडे करून दोन-तीन सत्रे शेजारी शेजारी पाहण्याची सोयही आता बहुतेकांत असते.

चुकीच्या टॅबची किंमत

टॅबमुळे खिडक्यांची गर्दी कमी झाली, परंतु त्याबरोबर एक नवा धोकाही आला. खिडक्या वेगळ्या असताना त्यांच्या जागाही वेगळ्या असत. डावीकडची चाचणीची, उजवीकडची खरी, असे डोळ्यांना सवयीने कळे. टॅब आल्यावर सर्व सत्रे एकाच जागी, एकाच चौकटीत दिसू लागली. ओळख पटवण्यासाठी उरली ती माथ्यावरची चिमुकली पट्टी आणि आज्ञेच्या ओळीच्या आरंभी येणारे संगणकाचे नाव.

चुकीच्या यंत्रावर आज्ञा दिल्याचे परिणाम काय होतात, याचे जगजाहीर उदाहरण 'गिटलॅब' या कंपनीचे आहे. जगभरातील प्रोग्रामर आपल्या संहिता या कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एक अभियंता उशिरापर्यंत माहितीसाठ्याच्या बिघाडाशी झुंजत होता. मुख्य आणि राखीव अशा दोन सर्व्हरची नावे केवळ शेवटच्या अंकाने वेगळी होती. राखीव सर्व्हरवरील निरुपयोगी माहिती पुसण्याची आज्ञा त्याने दिली. प्रत्यक्षात तो मुख्य सर्व्हरवर होता. चूक ध्यानात येताच एक-दोन सेकंदांतच त्याने ती थांबवली. तोपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट माहिती शिल्लक राहिली होती. बचावासाठी ठेवलेल्या प्रतींच्या अनेक व्यवस्था ऐन वेळी निकामी निघाल्या. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली आणि तिच्यावरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहिले. मधल्या सहा तासांतील माहिती मात्र कायमची गेली. सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती यांवर त्याचा परिणाम झाल्याचे कंपनीने स्वतःच जाहीर केले.

कंपनीने ही घटना लपवली नाही. दुरुस्तीचे काम थेट प्रक्षेपित केले. त्या वेळच्या नोंदींत पुढे करावयाच्या उपायांची यादी आहे. बचावप्रतींची व्यवस्था सुधारणे हा त्यातील मोठा उपाय. परंतु त्याच यादीत एक साधा मुद्दाही आहे: टर्मिनलमधील सूचक ओळीचे रूप आणि रंग असे बदलावेत, की आपण खऱ्या सर्व्हरवर आहोत की चाचणीच्या, हे स्पष्ट दिसावे. खऱ्यासाठी लाल, चाचणीसाठी पिवळा. टर्मिनलच्या रंगसंगतीचा विचार याच दृष्टीने करायला हवा.

काय काय बदलता येते?

टर्मिनल इमुलेटर आपल्या सोयीने घडवण्याची मुख्य साधने पुढीलप्रमाणे आहेत.

प्रोफाइल : रंग, फॉन्ट, कोणते शेल उघडावे, कोणत्या संगणकाशी जोडणी करावी, या सर्व निवडींचा एक संच म्हणजे प्रोफाइल. एक स्वतःच्या कामाचे, एक चाचणीचे आणि एक खऱ्या सर्व्हरचे, अशी तीन प्रोफाइल केली तर प्रत्येक टॅब आपापल्या रूपात उघडतो. बाकीच्या सर्व सोयी या पायावर उभ्या आहेत.

रंगसंगती : आरंभी टर्मिनलला आठ आणि नंतर सोळा रंग दाखवता येत. पुढे ही संख्या २५६ झाली. आजचे बहुतेक इमुलेटर २४ बिटांचे, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग दाखवू शकतात. एवढ्या रंगांची गरज कोणालाच नसते. पार्श्वभूमी आणि अक्षरे यांत पुरेसा फरक असणे आणि रात्रपाळीत डोळ्यांना त्रास न होणे, हे दोन निकष पुरेसे आहेत. लाल आणि हिरव्या रंगांतला फरक काही जणांना दिसत नाही. म्हणून केवळ रंगावर न विसंबता नावाचीही जोड द्यावी.

टॅबचे नाव : बहुतेक इमुलेटर टॅबवर शेलने कळवलेले नाव दाखवतात. ते बदलून 'चाचणी', 'मुख्य', 'नोंदी' अशी स्वतःची नावे देता येतात. काहींत टॅबच्या पट्टीलाही वेगळा रंग देता येतो.

फॉन्ट : टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीच्या चौकोनात बसते. त्यामुळे समान रुंदीचा फॉन्ट लागतो. शून्य आणि इंग्रजी 'ओ', तसेच एक आणि इंग्रजी 'एल' यांतील फरक स्पष्ट दिसेल असाच फॉन्ट निवडावा. या गफलतीमुळेही आज्ञा चुकतात.

कळजोड्या : लिनक्सवर आणि विंडोज टर्मिनलमध्ये नवा टॅब उघडण्यासाठी सहसा कंट्रोल, शिफ्ट आणि टी या कळा एकत्र दाबतात; ॲपलच्या संगणकावर कमांड आणि टी. लिनक्सवर प्रत घेण्यासाठीही नुसत्या कंट्रोल-सीऐवजी कंट्रोल-शिफ्ट-सी का वापरतात, असा प्रश्न नवशिक्यांना पडतो. याचे कारण असे, की टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी या जोडीचा अर्थ 'चालू काम थांबव' असा जुन्या काळापासून ठरलेला आहे. तिला हात न लावता इमुलेटरने आपल्या सोयींसाठी शिफ्टची जोड घेतली.

मागील ओळींचा साठा : वर सरकून गेलेल्या ओळी किती जपून ठेवायच्या, हेही ठरवता येते. ग्नोम टर्मिनलमध्ये मुळात १०,००० ओळी, तर विंडोज टर्मिनलमध्ये ९,००१ ओळी राहतात. बिघाडाचा शोध घेताना हा साठा उपयोगी पडतो.

सावधगिरीच्या सोयी : अनेक ओळींचा मजकूर एकदम चिकटवला तर त्यातील प्रत्येक ओळ आज्ञा म्हणून चालण्याची भीती असते. अशा वेळी विंडोज टर्मिनल आधी विचारणा करते. अनेक टॅब उघडे असताना खिडकी बंद करू पाहिल्यासही ते सावध करते. या सूचना त्रासदायक वाटतात म्हणून अनेक जण त्या बंद करून टाकतात. तसे करू नये.

कोणत्या संगणकावर कोणता?

विंडोज : 'विंडोज टर्मिनल' विनामूल्य आहे. पॉवरशेल, कमांड प्रॉम्प्ट आणि विंडोजमध्येच चालणारे लिनक्स यांची प्रोफाइल त्यात शेजारी शेजारी राहतात. प्रत्येक प्रोफाइलला टॅबचा रंग, रंगसंगती आणि पार्श्वभूमीचे चित्र देता येते. दूरच्या सर्व्हरशी जोडणीसाठी आपल्याकडे अनेक कार्यालयांत सायमन टॅथम यांनी लिहिलेला 'पुटी' हा छोटा प्रोग्राम वापरतात. तो भरवशाचा आहे. मात्र त्यात टॅब नाहीत.

ॲपल : संगणकासोबत येणारे 'टर्मिनल' साध्या कामाला पुरेसे आहे. अधिक सोयी हव्या असतील तर 'आयटर्म-२' हा विनामूल्य प्रोग्राम आहे. आपण कोणत्या संगणकावर पोहोचलो आहोत हे ओळखून आपोआप प्रोफाइल बदलण्याची सोय त्यात आहे. खिडकीच्या कोपऱ्यात सर्व्हरचे नाव मोठ्या पुसट अक्षरांत दाखवणारा 'बिल्ला'ही लावता येतो.

लिनक्स : येथे निवड सर्वांत मोठी. केडीई पडद्यावर 'कन्सोल', तर ग्नोमवर दीर्घकाळ 'ग्नोम टर्मिनल' ही मूळ निवड होती. ग्नोम प्रकल्पाने २०२२ मध्ये नवा 'ग्नोम कन्सोल' स्वीकारला. फेडोरा वितरणाने २०२४ मध्ये आपल्या ४१ व्या आवृत्तीत 'टिक्सिस' हा मूळ टर्मिनल म्हणून घेतला. या दोन्ही नव्या प्रोग्रामांत एक सोय मुद्दाम केलेली आढळते. सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या रूपाने काम सुरू होताच खिडकीचा माथा लाल होतो, आणि दूरच्या संगणकाशी जोडणी होताच जांभळा. वापरकर्त्याला काहीही ठरवावे लागत नाही. 'टर्मिनेटर' हा प्रोग्राम एका खिडकीचे अनेक तुकडे करण्यासाठी, तर 'याक्वाके' आणि 'ग्वाके' हे एक कळ दाबताच वरून पडद्यासारखे खाली येण्यासाठी ओळखले जातात.

चित्रप्रक्रियेसाठी असलेल्या वेगळ्या चिपच्या साह्याने अक्षरे रेखाटणारी नवी पिढीही आली आहे. तिच्यातील 'किटी' हा इमुलेटर कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने घडवला. ई-पुस्तके सांभाळणारे 'कॅलिबर' हे सॉफ्टवेअरही त्यांचेच. किटीचे सर्व रूप एका साध्या मजकूर-फाइलमधून बदलता येते. टॅबची पट्टी वर हवी की खाली, तिचा आकार कसा असावा, इतकेच नव्हे तर ती कशी रेखाटावी हेही वापरकर्त्याला लिहून देता येते. दूरच्या कोणत्या संगणकासाठी कोणती रंगसंगती, हेही नावानिशी ठरवता येते. याच पिढीतील 'ॲलाक्रिटी' या प्रोग्रामने मात्र स्वतःचे टॅब मुद्दामच दिलेले नाहीत. ते काम अन्य प्रोग्रामांचे आहे, अशी त्याच्या कर्त्यांची भूमिका आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'घोस्टी'मध्ये टॅब आहेत.

एक इशारा येथे द्यायला हवा. कन्सोल आणि टर्मिनेटर यांत एकच आज्ञा सर्व टॅब किंवा तुकड्यांना एकदम पाठवण्याची सोय आहे. दहा सर्व्हरवर एकच काम करायचे असेल तर ती वेळ वाचवते. काम होताच ती बंद करण्यास विसरले, तर एक चूक दहा ठिकाणी होते.

वीज गेली तर?

टॅब कितीही देखणा असला तरी तो आपल्या संगणकावर असतो. पावसाळ्यात वीज गेली, घरातील इंटरनेटची जोडणी तुटली किंवा लोकलमध्ये मोबाइलची रेंज गेली, की दूरच्या सर्व्हरशी असलेले सत्र तुटते आणि त्यात चालू असलेले कामही सहसा अर्ध्यावर थांबते. माहितीसाठ्यात बदल करणारे काम अर्ध्यावर थांबणे, हे ते सुरू न होण्यापेक्षाही वाईट ठरू शकते.

यावरचा उपाय टॅबमध्ये नाही. वर उल्लेख केलेला 'स्क्रीन' किंवा २००७ मध्ये आलेला 'टीमक्स' हा प्रोग्राम सर्व्हरवर चालवावा आणि लांबणारे काम त्याच्या आत सुरू करावे. जोडणी तुटली तरी काम सर्व्हरवर चालूच राहते आणि वीज आल्यावर पुन्हा त्याच सत्राला जोडून घेता येते. ओळख आणि सोय इमुलेटरच्या टॅबकडे, तर कामाचे सातत्य टीमक्सकडे, अशी विभागणी ठेवणे सर्वांत हिताचे.

देवनागरीचे दुखणे

मराठी वाचकांच्या दृष्टीने टर्मिनलचा आणखी एक प्रश्न आहे. फाइलचे नाव मराठीत असेल, किंवा मराठी मजकुराची फाइल टर्मिनलमध्ये उघडली, तर अनेकदा वेलांटी भलत्या जागी दिसते, जोडाक्षर फुटते आणि कर्सर अक्षराच्या मधोमध उभा राहतो.

याचे मूळ ८० चौकोनांच्या त्या जुन्या ओळीत आहे. टर्मिनलची कल्पना रोमन लिपीवर बेतलेली आहे: एक अक्षर, एक चौकोन. 'आंबिवली' हे नाव घ्या. वाचताना त्यात चार अक्षरे आहेत: आं, बि, व, ली. संगणक मात्र ते सात खुणांनी साठवतो: आ, अनुस्वार, ब, पहिली वेलांटी, व, ल, दुसरी वेलांटी. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत त्यासाठी २१ बाइट लागतात. हेच नाव रोमन लिपीत सात अक्षरे, सात खुणा आणि सात बाइट इतके सरळ असते. शिवाय 'बि' मधील पहिली वेलांटी साठवली जाते 'ब'च्या नंतर, पण काढावी लागते 'ब'च्या आधी. आता या नावाला चौकोन किती द्यायचे? चार, पाच की सात? इमुलेटर एक संख्या धरतो आणि त्यात चालणारा प्रोग्राम दुसरी. मग पडद्यावर गोंधळ उडतो.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. आयआयटी कानपूर येथे आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे प्रभृतींनी १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी केलेल्या कामातून 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे आले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेत तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वाढवले. डॉसवर चालणाऱ्या संगणकात बसवायचे 'जिस्ट कार्ड' आणि युनिक्ससारख्या प्रणालींना जोडायचे 'जिस्ट टर्मिनल' ही त्याची फळे. मूळ प्रोग्राम इंग्रजीसाठी लिहिलेला असला तरी पडद्यावर देवनागरी उमटे. जोडाक्षरे जुळवण्याचे काम ते उपकरणच करी. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने 'इस्की' ही संकेतप्रणाली आणि 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक यांना मानकाचे रूप दिले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे.

जे काम तेव्हा उपकरणाने केले, ते आजच्या सर्व इमुलेटरना अद्याप सारखे साधलेले नाही. तरीही प्रगती होत आहे. जपानमध्ये विकसित झालेला 'एमएलटर्म' हा बहुभाषी इमुलेटर भारतीय लिप्यांकडे पूर्वीपासून लक्ष देतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १५.१ आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर हा एकच घटक मानावा, असा नियम केला. त्यापूर्वी 'क्ष' चे दोन तुकडे पडत. २०२५ मध्ये किटीने मजकूर चौकोनांत कसा विभागावा याची पद्धत लिखित स्वरूपात मांडली. इमुलेटर आणि प्रोग्राम दोघांनी एकच नियम पाळला तर 'आंबिवली' सर्वत्र सारखेच दिसेल. तोवर व्यवहारात एक पथ्य पाळावे. सर्व्हरवरील फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवावीत आणि मराठी मजकूर तपासायचा असल्यास तो टर्मिनलऐवजी मजकूर-संपादकात उघडून पाहावा. पडद्यावर अक्षर फुटलेले दिसले म्हणून फाइल बिघडली असे समजून ती 'दुरुस्त' करू जाऊ नये. बहुतेक वेळा आतील मजकूर शाबूत असतो.

सुरुवात कशी करावी?

नव्याने काम सुरू करणाऱ्याने एका दिवसात सर्व काही बदलण्याच्या भरीस पडू नये. अर्ध्या तासात होणारी पुढील पाच कामे पुरेशी आहेत.

पहिले, संगणकासोबत आलेलाच इमुलेटर घ्यावा. तो अपुरा पडला तरच दुसरा शोधावा. दुसरे, तीन प्रोफाइल करावीत आणि खऱ्या सर्व्हरच्या प्रोफाइलला लालसर पार्श्वभूमी द्यावी. हा रंग अन्यत्र कोठेही वापरू नये, नाहीतर त्याचा अर्थ नाहीसा होतो. तिसरे, प्रत्येक टॅबला नाव द्यावे आणि शेलच्या सूचक ओळीत संगणकाचे पूर्ण नाव दिसेल असे करावे. रंग इमुलेटरचा आणि नाव शेलचे, अशा दोन स्वतंत्र खुणा असल्या की एक चुकली तरी दुसरी सावध करते. चौथे, चिकटवण्याच्या आणि खिडकी बंद करण्याच्या वेळच्या सूचना चालू ठेवाव्यात. पाचवे, या सर्व निवडींची फाइल जपून ठेवावी. संगणक बदलला तरी ती नव्या यंत्रावर तशीच नेता येते.

याशिवाय एक सवय लावून घ्यावी. पुसण्याची किंवा बंद करण्याची आज्ञा लिहून झाली की एंटर दाबण्यापूर्वी हात कळफलकावरून उचलावा आणि टॅबचे नाव वाचावे. गिटलॅबचा तो अभियंता नवखा नव्हता. तो थकलेला होता आणि वेळ रात्रीची होती. अशा वेळी स्मरणशक्तीपेक्षा लाल पट्टी अधिक उपयोगी पडते.

आंबिवलीचा प्रवासी वर्षानुवर्षे एकाच मार्गाने ये-जा करतो. तरीही गाडी फलाटाला लागताच त्याची नजर इंडिकेटरकडे वळते. तीच नजर टॅबच्या पट्टीकडे वळावी, एवढ्यासाठी ती पट्टी वाचता येईल अशी करून ठेवायची.